लष्करी निवासगृहांतील टिप (अमेरिका)

लष्करी निवासगृहांतील टिप म्हणजे अमेरिकेच्या लष्करी तळांवरील निवासगृहांत उतरलेल्या व्यक्तीने खोलीची साफसफाई करणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी स्वखुशीने ठेवलेली रक्कम होय. या निवासगृहांतील पाहुण्यांत शासकीय कामासाठी प्रवास करणारे सैनिक, अधिकारी आणि संरक्षण विभागाचे नागरी कर्मचारी यांचे प्रमाण मोठे असते. त्यांचा खर्च सरकार दैनिक भत्त्याच्या रूपाने देते आणि त्या भत्त्यातील किरकोळ खर्चाच्या भागात हॉटेल कर्मचाऱ्यांना दिलेली टिप समाविष्ट असल्याचे प्रवास नियमांतच नमूद आहे. दुसरीकडे, तळावरील साफसफाई कर्मचारी पुष्कळदा स्वतःही संघराज्य सरकारचे नोकर असतात आणि सरकारी नोकराने पदामुळे मिळणारी भेट, विशेषतः रोख रक्कम, स्वीकारण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे खासगी हॉटेलात सरळ वाटणारी ही प्रथा लष्करी तळावर कर्मचाऱ्याची नेमणूक कोणी केली आहे, या प्रश्नाशी जोडली जाते. टिप देणे कोणत्याही नियमाने बंधनकारक नाही.

संज्ञा

टिप या अर्थी मराठीत बक्षीस आणि बक्षिसी हे शब्द रूढ आहेत. दिवाळीसारख्या सणाला नोकरचाकरांना दिल्या जाणाऱ्या रकमेला पोस्त म्हणतात. 'चहापाणी' या शब्दाला मात्र लाचेची छटा आहे. काम व्हावे म्हणून दिलेली रक्कम आणि काम झाल्यावर खुशीने दिलेली रक्कम असा भेद व्यवहारात केला जातो. अमेरिकेचे सरकारी आचारनियम याच्याही पुढे जातात. काम झाल्यानंतर दिलेली भेटसुद्धा ती पदामुळे मिळाली आहे का, या कसोटीवर तपासली जाते.

शासकीय कामासाठी मूळ नेमणुकीच्या ठिकाणाहून काही काळ दुसरीकडे जाण्याला अमेरिकी लष्करात 'टीडीवाय' म्हणजे तात्पुरती कामगिरी म्हणतात. प्रशिक्षण, तपासणी, परिषद, दुरुस्ती अशा कारणांनी ही कामगिरी काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत चालू शकते.

पार्श्वभूमी

अमेरिकेत टिप देण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात, मुख्यतः यादवी युद्धानंतरच्या काळात, युरोपातून आली. सुरुवातीला तिला मोठा विरोध झाला. नोकराने मालकाच्या मर्जीवर जगावे ही कल्पना लोकशाहीला शोभणारी नाही, असा विरोधकांचा आक्षेप होता. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपविरोधी कायदा केला आणि त्यानंतर आणखी काही राज्यांनी तसे कायदे केले. १९२६ पर्यंत हे सर्व कायदे रद्द झाले.

याच काळात रेल्वेच्या शयनयानांत काम करणारे पुलमन कंपनीचे कृष्णवर्णीय हमाल अपुऱ्या पगारामुळे प्रवाशांच्या टिपवर अवलंबून होते. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेने टिपऐवजी योग्य वेतनाची मागणी पुढे आणली. टिप ही वेतनाची जागा घेते का, हा वाद अमेरिकेत तेव्हापासून चालू आहे.

१९६६ मध्ये किमान वेतनाचा संघराज्य कायदा हॉटेल आणि उपाहारगृहांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू करण्यात आला. त्याच दुरुस्तीने टिपचा काही भाग किमान वेतनात जमा धरण्याची मुभा मालकांना मिळाली. संघराज्य पातळीवर किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. नियमितपणे टिप मिळणाऱ्या कर्मचाऱ्याला मालकाने ताशी किमान २.१३ डॉलर रोख वेतन दिले, तर उरलेला भाग टिपमधून भरून निघाला असे मानता येते. महिन्याला ३० डॉलरहून अधिक टिप नेहमी मिळणारा कर्मचारी या तरतुदीत येतो. ही तरतूद प्रामुख्याने वाढप्यांच्या बाबतीत वापरली जाते. खोल्यांची साफसफाई करणाऱ्यांना सामान्यतः पूर्ण ताशी वेतन मिळते आणि टिप ही त्यावरची भर असते.

वाढपी ग्राहकासमोर असतो. खोली साफ करणारी व्यक्ती, जी बहुधा स्त्री असते, पाहुणा बाहेर गेल्यावर काम करते आणि अनेकदा त्याच्या दृष्टीसही पडत नाही. त्यामुळे हॉटेलातील इतर सेवकांच्या तुलनेत तिला टिप देण्याचे पाहुण्याच्या सहज लक्षात येत नाही. २०१४ मध्ये मॅरियट कंपनीने मारिया श्रायव्हर यांच्या संस्थेच्या सहकार्याने अमेरिका आणि कॅनडातील सुमारे १,६०,००० खोल्यांत टिपसाठी पाकिटे ठेवण्याची मोहीम सुरू केली. पाहुण्यांकडे टिप मागण्याऐवजी कंपनीनेच पगार वाढवावा, अशी टीका त्या वेळी झाली.

लष्करी निवासगृहांचे प्रकार

तळावरील निवासगृहे बाहेरून साध्या हॉटेलांसारखी दिसत असली तरी त्यांची मालकी आणि व्यवस्थापन वेगवेगळे आहे.

भूदल: अमेरिकेतील तळांवरील निवासगृहांचे भूदलाने खासगीकरण केले आहे. २००९ पासून ती टप्प्याटप्प्याने लेंडलीज या विकासक कंपनीकडे सोपवण्यात आली. त्यांचे दैनंदिन व्यवस्थापन आयएचजी ही हॉटेल कंपनी 'आयएचजी आर्मी हॉटेल्स' या नावाने पाहते. तळाच्या कुंपणाआत असूनही यांतील अनेक इमारतींवर हॉलिडे इन एक्सप्रेस, कँडलवूड स्वीट्स किंवा स्टेब्रिज स्वीट्स या परिचित पाट्या दिसतात.

नौदल: नौदलात दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. 'नेव्ही गेटवे इन्स अँड स्वीट्स' ही मुख्यतः कामासाठी आलेल्यांची निवासगृहे नौदल तळांचे व्यवस्थापन करणाऱ्या विभागाकडे आहेत. 'नेव्ही लॉज' ही साखळी नौदलाची दुकाने चालवणाऱ्या यंत्रणेकडे आहे आणि बदली झालेल्या कुटुंबांचा तिला विशेष उपयोग होतो.

हवाई दल आणि मरीन कोर: हवाई दलाची निवासगृहे 'एअर फोर्स इन्स' आणि मरीन कोरची 'इन्स ऑफ द कोर' या नावाने ओळखली जातात.

सुट्टीसाठीची केंद्रे: होनोलुलूमधील हाले कोआ, फ्लोरिडातील शेड्स ऑफ ग्रीन, जर्मनीतील गार्मिश येथील एडेलवाइस आणि सेऊलमधील ड्रॅगन हिल ही सशस्त्र दलांची विश्रामकेंद्रे आहेत. तेथे रजेवरील कुटुंबे मोठ्या संख्येने उतरतात.

सैन्याने स्वतः चालवलेल्या निवासगृहांतील बरेच कर्मचारी 'विनियोजनबाह्य निधी'तून वेतन घेतात. काँग्रेसने मंजूर केलेल्या करांच्या पैशातून त्यांचे वेतन होत नाही. खोलीभाडे, दुकाने आणि क्लब यांच्या उत्पन्नातून ते दिले जाते. असे असले तरी हे कर्मचारी संरक्षण विभागाचेच नोकर मानले जातात. काही ठिकाणी साफसफाईचे काम खासगी कंत्राटदाराला दिलेले असते. अशा कंत्राटांतील कामगारांना १९६५ च्या सेवा कंत्राट कायद्यानुसार त्या भागात प्रचलित असलेले वेतन द्यावे लागते.

दैनिक भत्ता आणि किरकोळ खर्च

नागरी कर्मचाऱ्यांच्या शासकीय प्रवासाला संघराज्य प्रवास नियम लागू होतात. संरक्षण विभागाचे सैनिक आणि नागरी कर्मचारी या दोघांसाठी 'संयुक्त प्रवास नियमावली' आहे. दैनिक भत्त्याचे दोन भाग असतात. पहिला निवासाचा असून तो प्रत्यक्ष भाड्याइतका, ठरलेल्या मर्यादेपर्यंत मिळतो. दुसरा भोजन आणि किरकोळ खर्चाचा असून तो ठोक स्वरूपात दिला जातो.

अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील दर जनरल सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ठरवते. अलास्का, हवाई, प्वेर्तो रिको, ग्वाम यांसारख्या प्रदेशांचे दर संरक्षण विभाग ठरवतो, तर परदेशांचे दर परराष्ट्र विभाग ठरवतो. आर्थिक वर्ष २०२५ मध्ये मुख्य भूमीवर भोजन आणि किरकोळ खर्चाचा दर ठिकाणानुसार दिवसाला ६८ ते ९२ डॉलर होता. त्यात किरकोळ खर्चाचा वाटा सर्वत्र ५ डॉलर होता.

संघराज्य प्रवास नियमांतील व्याख्येनुसार हमाल, सामान वाहणारे, हॉटेलातील कर्मचारी आणि जहाजावरील कर्मचारी यांना दिलेले शुल्क व टिप म्हणजे किरकोळ खर्च. पूर्वीच्या व्याख्येत 'हॉटेलातील मोलकरणी' असा स्वतंत्र उल्लेख होता. आता 'हॉटेल कर्मचारी' असा व्यापक शब्द वापरला जातो.

या व्यवस्थेचे व्यावहारिक परिणाम असे आहेत:

* खोली साफ करणाऱ्याला दिलेल्या टिपची वेगळी परतफेड मिळत नाही. ती दैनिक भत्त्यात आधीच धरलेली असते.
* टिपची पावती जोडावी लागत नाही.
* टिप दिली नाही तरी भत्ता कापला जात नाही. वाचलेली रक्कम प्रवाशाकडेच राहते.
* टॅक्सीचालकाची टिप वेगळ्या प्रकारात मोडते. ती प्रवासखर्चाचा भाग मानून भाड्याबरोबर मागता येते.

प्रवासाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी भोजन व किरकोळ खर्चाचा भत्ता ७५ टक्के मिळतो. त्यामुळे पाच रात्रींच्या सहा दिवसांच्या कामगिरीत किरकोळ खर्चाचे चार दिवसांचे २० डॉलर आणि दोन दिवसांचे प्रत्येकी ३.७५ डॉलर मिळून २७.५० डॉलर होतात. रात्रीला २ डॉलर टिप ठेवल्यास त्यांपैकी १० डॉलर खर्च होतात. रात्रीला ५ डॉलर ठेवल्यास २५ डॉलर खर्च होऊन विमानतळावरील किंवा हॉटेलातील हमालांसाठी अडीच डॉलर उरतात.

भोजनाचे दर वेळोवेळी वाढले आहेत. आर्थिक वर्ष २०१६ मध्ये भोजन आणि किरकोळ खर्चाचा किमान दर ५१ डॉलर होता, तो २०२५ मध्ये ६८ डॉलर झाला. या सर्व काळात किरकोळ खर्चाचा वाटा ५ डॉलरच राहिला.

भेटींविषयीचे नियम

संघराज्य सरकारच्या नोकरांसाठी असलेली आचारसंहिता फेब्रुवारी १९९३ मध्ये अमलात आली. तिला पूरक असलेले संरक्षण विभागाचे 'संयुक्त आचार नियम' विनियोजनबाह्य निधीतून वेतन घेणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत. या संदर्भात त्यांतील तीन तरतुदी महत्त्वाच्या ठरतात.

पहिली तरतूद बाहेरच्या व्यक्तीकडून मिळणाऱ्या भेटींची आहे. ज्याचे हितसंबंध कर्मचाऱ्याच्या कामावर अवलंबून आहेत त्याच्याकडून, किंवा केवळ पदामुळे मिळालेली भेट सरकारी नोकराने स्वीकारू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. त्याला अपवाद म्हणून एका प्रसंगी २० डॉलरपर्यंतची आणि एकाच स्रोताकडून वर्षभरात ५० डॉलरपर्यंतची भेट चालते. हा अपवाद रोख रकमेला लागू होत नाही. त्यामुळे २ डॉलरची नोट किरकोळ असली तरी ती रोख असल्याने या सवलतीत बसत नाही.

दुसरी तरतूद सरकारी नोकरांमधील आपसातील भेटींची आहे. तिचा रोख वरिष्ठांना दिल्या जाणाऱ्या भेटींवर आणि कमी पगाराच्या सहकाऱ्याकडून भेट घेण्यावर आहे. जास्त पगाराच्या अधिकाऱ्याने कमी पगाराच्या कर्मचाऱ्याला काही देण्याला ती अडथळा आणत नाही.

तिसरी तरतूद भेटीच्या व्याख्येची आहे. चहा-कॉफीसारखी किरकोळ खाद्यपेये, शुभेच्छापत्रे आणि नाममात्र मूल्याच्या स्मृतिवस्तू 'भेट' मानल्या जात नाहीत.

लष्करी व्यवस्थेत टिप पूर्णपणे परकी आहे, असेही नाही. विनियोजनबाह्य निधीवर चालणाऱ्या क्लब आणि भोजनगृहांतील वाढप्यांना टिप मिळते हे गृहीत धरून संघराज्य वेतन नियमांत त्यांच्यासाठी वेतनाची वेगळी तरतूद आहे. तिचे शीर्षकच टिप मिळणाऱ्या वाढप्यांविषयी आहे. खोल्यांची साफसफाई करणारे कर्मचारी तिच्या कक्षेत येत नाहीत.

नोकरीच्या प्रकारानुसार फरक

वरील नियमांमुळे एकाच तळावरील दोन निवासगृहांत वेगळी स्थिती असू शकते.

खासगी कंपनीचे कर्मचारी: भूदलाच्या खासगीकरण झालेल्या हॉटेलांतील साफसफाई कर्मचारी सरकारी नोकर नाहीत. त्यांना सरकारी आचारसंहितेतील भेटींचे नियम लागू होत नाहीत. तेथे बाहेरच्या हॉटेलातील रिवाज आणि त्या कंपनीचे धोरण चालते.

कंत्राटदाराचे कामगार: हेही सरकारी नोकर नसतात. टिप घ्यावी की नाही हे कंत्राटदाराच्या नियमांवर आणि निवासगृहाच्या सूचनांवर ठरते.

संरक्षण विभागाचे कर्मचारी: यांना सरकारी आचारसंहिता लागू होते. प्रवास नियमांनी हॉटेल कर्मचाऱ्यांची टिप मान्य केली असली तरी ते नियम देणाऱ्याच्या खर्चाविषयी आहेत. घेणाऱ्याने ती घ्यावी की नाही याचे उत्तर आचार नियमांत शोधावे लागते. त्यामुळे अशा ठिकाणी निवासगृहाच्या स्वागतकक्षात स्थानिक धोरण विचारून घेणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो. शंका राहिल्यास तळावरील आचारविषयक विधी सल्लागाराचे मत घेता येते.

प्रचलित पद्धत

अमेरिकेतील हॉटेल व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शनानुसार खोली साफ करणाऱ्याला रात्रीला १ ते ५ डॉलर टिप ठेवण्याचा रिवाज आहे. ज्या लष्करी निवासगृहांत टिप चालते तेथेही साधारण हेच प्रमाण पाळले जाते. रक्कम पाहुण्याच्या हुद्द्यावर अवलंबून नसते. खोलीचा आकार, मुक्कामातील व्यक्तींची संख्या आणि कामाचा भार यांवरून ती कमीजास्त होते.

टिप रोजच्या रोज ठेवणे श्रेयस्कर मानतात. पाळ्या बदलत असल्याने चार दिवस चादरी, अभ्रे आणि टॉवेल बदलणारी व्यक्ती आणि शेवटच्या दिवशी खोली रिकामी करणारी व्यक्ती वेगळी असू शकते. एकदम शेवटी ठेवलेली रक्कम अशा वेळी भलत्याच्याच हाती पडते. अनेक निवासगृहांत आता रोज सफाई होत नाही. दीर्घ मुक्कामाच्या हॉटेलांत ती आठवड्यातून एकदाही होते. तेथे सफाईच्या दिवशी टिप ठेवली जाते.

रकमेसोबत आभाराचा उल्लेख असलेली चिठ्ठी ठेवणे लष्करी निवासगृहात विशेष आवश्यक ठरते. टेबलावर नुसते पडलेले पैसे पाहुण्याचे विसरलेले पैसे समजले जातात. ते उचलल्यास चोरीचा आळ येण्याची भीती असल्याने कर्मचारी त्यांना हात लावत नाहीत किंवा हरवलेल्या वस्तूंच्या नोंदीत जमा करतात. सरकारी नोकरीत अशा आळाचे परिणाम गंभीर होऊ शकतात.

खोलीभाडे सामान्यतः सरकारी प्रवास कार्डाने दिले जाते. टिप मात्र रोखीची असल्याने प्रवाशाला सुट्ट्या नोटा जवळ बाळगाव्या लागतात.

टिप न चालणाऱ्या ठिकाणी कृतज्ञता व्यक्त करण्याचे इतर मार्ग उपलब्ध आहेत. आभारपत्र किंवा थोडा खाऊ यांना आचार नियमांची आडकाठी नसते. संरक्षण विभागाच्या 'आइस' नावाच्या ऑनलाइन अभिप्राय यंत्रणेत निवासगृहाच्या सेवेबद्दल लिहिता येते. कर्मचाऱ्याच्या नावासह दिलेला चांगला अभिप्राय त्याच्या वरिष्ठांपर्यंत पोहोचतो. निघताना कचरा एका जागी गोळा करणे आणि वापरलेले टॉवेल एकत्र ठेवणे यानेही कामाचा भार हलका होतो.

परदेशातील तळ

परदेशातील तळांवर यजमान देशाचा रिवाज आणि तेथील नोकरीची व्यवस्था विचारात घ्यावी लागते. जपान आणि दक्षिण कोरियात टिप देण्याची सर्वसाधारण प्रथा नाही. ठेवलेले पैसे परत केले जाण्याचाही संभव असतो. जपानमधील अमेरिकी तळांवर काम करणाऱ्या जपानी कर्मचाऱ्यांना दोन्ही सरकारांतील करारांनुसार जपान सरकार कामावर घेते आणि त्यांची सेवा अमेरिकी सैन्याला पुरवते. जर्मनीत परदेशी सैन्याच्या तळांवरील स्थानिक कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र सामूहिक वेतन करार आहे. तेथे हॉटेलात थोडी टिप ठेवण्याचा रिवाज असला तरी वेतन त्यावर अवलंबून नसते.

परदेशांसाठीच्या दरात किरकोळ खर्चाचा वाटा भोजन आणि किरकोळ खर्चाच्या एकूण रकमेच्या सुमारे २० टक्के धरला जातो. त्यात कपडे धुण्याचा खर्चही अंतर्भूत असतो. प्रवासी परदेशातील अमेरिकी तळावरच राहत असेल आणि मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला पुरेसा वाटला, तर हा वाटा दिवसाला ३.५० डॉलर ठेवण्याची तरतूद संयुक्त प्रवास नियमावलीत करण्यात आली. तळावर टिपसारखे खर्च कमी असतात, असे त्यामागे गृहीत धरलेले आहे.

कर

टिप हे कर्मचाऱ्याचे करपात्र उत्पन्न आहे. एखाद्या महिन्यात २० डॉलर किंवा त्याहून अधिक टिप मिळाल्यास पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत तिची माहिती मालकाला द्यावी लागते. २०१८ मधील कायद्यानुसार मालकाला, व्यवस्थापकाला किंवा पर्यवेक्षकाला कर्मचाऱ्याची टिप स्वतःकडे ठेवता येत नाही. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या करकायद्याने नेहमी टिप मिळणाऱ्या व्यवसायांतील कर्मचाऱ्यांना २०२५ ते २०२८ या करवर्षांत वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतच्या टिपवर प्राप्तिकरात वजावट दिली. ही वजावट उत्पन्नाच्या मर्यादेच्या अधीन आहे.

मतभेद

टिप द्यावी, असे मानणाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद भत्त्याच्या रचनेवर आधारलेला आहे. किरकोळ खर्चाची रक्कम सरकार याच कारणासाठी देते. ती न देता खिशात ठेवणे नियमबाह्य नसले तरी त्या तरतुदीच्या हेतूशी विसंगत आहे, असे त्यांचे म्हणणे असते. तळाबाहेरच्या हॉटेलात टिप ठेवणारा प्रवासी तळावर आल्यावर ती ठेवत नाही आणि त्याचा तोटा सर्वांत कमी पगाराच्या कर्मचाऱ्याला होतो, याकडेही ते लक्ष वेधतात.

विरोधी मतानुसार सार्वजनिक सेवेत सर्व पाहुण्यांना सारखी वागणूक मिळाली पाहिजे. नुकताच भरती झालेला सैनिक आणि कर्नल एकाच मजल्यावर राहत असताना टिपमुळे सेवेत फरक पडू लागला, तर समानतेचे तत्त्व धोक्यात येते. सैनिकांच्या अल्प पगारावर अप्रत्यक्ष भार पडतो, असाही आक्षेप आहे. शिवाय भत्त्यात टिप धरलेली असल्याने कर्मचाऱ्याचे उत्पन्न प्रवाशाच्या इच्छेवर सोडण्यापेक्षा तीच रक्कम वेतनात मिसळावी, हे या मताचे पर्यायी सूत्र आहे.

दोन्ही बाजूंचा वाद प्रामुख्याने संरक्षण विभागाने स्वतः चालवलेल्या निवासगृहांपुरता उरतो. खासगीकरण झालेल्या हॉटेलांत कर्मचारी खासगी कंपनीचा असल्याने भेटींच्या नियमांचा प्रश्न मागे पडतो आणि निर्णय पाहुण्याच्या इच्छेवर राहतो.